अंगणात हुंदडणारा ससा आणि लाकडी गोळ्यांचं लिटर: नऊ महिने वापरून

पाच किलोची पिशवी, 440 रुपये. जानेवारीपासून ही पिशवी दर अडीच-तीन आठवड्यांनी आमच्या घरात येते आहे. आत असतात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या. नावाला गोळ्या, दिसायला लांबट, खडूचे बारके तुकडे असावेत तशा. लिटर म्हणजे पाळीव जनावराच्या मुतण्याच्या ट्रेमध्ये ओल शोषायला घालतात ते. दुकानात त्या मांजरांच्या सामानाच्या फळीवर असतात, मी घेते सशासाठी. आमचा ससा घरातही असतो आणि अंगणातही, आणि खरी अडचण तिथेच होती. पिंजऱ्यातल्या सशाला मुतण्याची जागा शिकवणं सोपं. जो रोज दोन वेळा मातीत लोळून परत घरात येतो, त्याला शिकवायला मला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत काय उपयोगी पडलं आणि काय नाही, ते लिहिते. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही, कारण आजवर तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या वापरल्या आणि फरक जाणवला तो फक्त भुकटीत.

नाशिकला सिडकोत आमचं रो-हाउस आहे. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन, मागे दहा बाय बाराचं अंगण. अर्ध्यात फरशी, अर्ध्यात माती. कढीपत्ता, जास्वंद आणि गुलाबाच्या चार कुंड्या. मी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. येवला जवळ असल्यामुळे लग्नसराईत पैठण्या बऱ्याच येतात. बत्तासा आला डिसेंबरात, अडीच महिन्यांचा, पांढरा, एका कानावर राखाडी डाग. मुलीच्या मैत्रिणीकडे पिल्लं झाली होती, त्यातला हा एक.

सुरुवातीला मी त्याच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरलं. कागद वरून कोरडा दिसतो, पण खाली ओल तशीच राहते. आठवड्याभरात त्याच्या मागच्या पायांची लोकर पिवळी पडली. सशाच्या तळपायाला मांजर-कुत्र्यासारखी गादी नसते, नुसती दाट लोकर असते. ती ओली राहिली की खालची कातडी सोलवटते. मग घरात कातरण भरपूर म्हणून मी सुती चिंध्या घातल्या. पाणी छान शोषलं, पण दुसऱ्याच दिवशी तो चिंधीचा दोरा चघळताना दिसला. सशाला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं पुढेच सरकावं लागतं. दोरा आतड्यात अडकला तर काय, या विचारानं मी सगळ्या चिंध्या उचलून टाकल्या.

त्यानंतर एका दुकानात मला मांजरांचं मातीचं लिटर दिलं गेलं, ओलं झालं की ढेकूळ होणारं. 'सशालाही चालतं' असं अगदी खात्रीनं सांगितलं. घरी आल्यावर काय सुचलं कुणास ठाऊक, मी वाटीत दोन चमचे घेतलं आणि वर पाणी ओतलं. पाच मिनिटांत वाटीत घट्ट गोळा. वाटी उलटी केली तरी पडेना, चमच्यानं खरवडून काढावा लागला. ससा बसल्या जागी सगळं तोंडानं चाचपतो, अंग चाटतो, त्याच्या पोटात हे जाणारच. मी पिशवी परत नेली, पैसे मिळाले नाहीत. पैशांचं जाऊ द्या, पण ससा पाळणाऱ्या नव्या माणसाला हे कुणी देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला कुणी दिलं तर घेऊ नका.

लाकडी गोळ्या सुचवल्या जनावरांच्या डॉक्टरांनी. सुतारकामाचा सुटा भुसा किंवा रंध्याच्या साली वापरू नका, विशेषतः देवदार आणि पाइनच्या, हेही त्यांनीच सांगितलं. त्या लाकडांतल्या उग्र वासाच्या तेलकट द्रव्यांनी सशाच्या यकृतावर परिणाम होतो. गोळ्या करताना भुसा वाळवून, तापवून, दाबाखाली काढतात, त्यात ती द्रव्यं बरीचशी उडून जातात. गोळी धरून राहते ती लाकडातल्याच चिकट घटकामुळे, वेगळा गोंद लागत नाही. पिशवी उघडल्यावर सौम्य, कोरड्या लाकडाचा वास यायला हवा. माझ्या एका पिशवीला टर्पेंटाइनसारखा वास होता, ती मी वापरली नाही.

काम कसं करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. मूत पडलं की गोळी पाणी पिते, फुगते, टोकाकडून उकलायला लागते, आणि दहा-पंधरा मिनिटांत तिचा मऊ भुसा होतो. भुसा खाली बसतो, कोरड्या गोळ्या वर राहतात. त्यामुळे ससा पुन्हा येऊन बसला तरी पाय कोरडे. वास तीन दिवस अजिबात नाही. चौथ्या दिवशी ट्रेपाशी वाकलं तर जाणवतो, म्हणून मी चौथ्या दिवशी बदलते. पावसाळ्यात तिसऱ्या.

पण गोळ्या चांगल्या म्हणजे ससा शिकला, असं नाही. आधी ट्रेबद्दल बोलते, कारण तिथे माझे 350 रुपये वाया गेले. सशांसाठी म्हणून जो तिकोनी, कोपऱ्यात बसवायचा ट्रे मिळतो, तो पिल्लालाच पुरतो. दोन महिन्यांत बत्तासा त्यात मावेना. पुढचे पाय आत, मागचा भाग बाहेर, आणि सगळं ट्रेच्या कडेवरून फरशीवर. कधी ट्रेला जाळी असते, ती तर पायांना वाईटच. मी पवननगरच्या बाजारातून भांडी ठेवायचा आयताकृती प्लॅस्टिकचा टब आणला, 160 रुपयांचा. एका बाजूची कड गरम सुरीनं चार बोटं खाली कापली, कापलेली धार सँडपेपरनं घासून गुळगुळीत केली. ससा त्यात आरामात वळतो, पसरून बसतो. ट्रे घ्यायचाच असेल तर मांजराचा मोठा घ्या.

आता सवयीचं. ससा लेंड्या कुठेही टाकेल, पण मुतायला बहुतेक वेळा एकच कोपरा धरतो, हा त्याचा स्वभावच आहे. तो कुठला कोपरा ते आधी दोन दिवस बघायचं आणि टब तिथेच ठेवायचा. मी आधी माझ्या सोयीनं दाराआड ठेवला होता, तो काही तिकडे फिरकला नाही. मशीनच्या मागच्या कोपऱ्यात त्याचा जीव होता, शेवटी मीच मशीन सरकवली. ओल पुसलेला कागद आणि मूठभर लेंड्या टबात टाकल्या, म्हणजे जागा त्याच्या वासाची झाली.

आणि चारा. यावर जास्त लिहिते, कारण माझ्या मते निम्मं काम चाऱ्यानं केलं. ससा खाता खाता लेंड्या टाकतो. एकीकडे चघळणं, एकीकडे लेंड्या. चारा दुसरीकडे ठेवला तर लेंड्याही तिकडेच. म्हणून वाळलेल्या गवताची जुडी टबाच्या एका कडेला अशी बांधायची, की तिथपर्यंत पोचायला त्याला टबात बसावंच लागेल. मी जुन्या साडीच्या काठाची नाडी करून बांधते, गाठ टबाच्या बाहेरच्या बाजूला, त्याच्या दाताला लागणार नाही अशी. वाळवलेली हरळी त्याला सगळ्यात आवडते. पहिल्या दिवशी त्यानं दोन गोळ्या चघळून पाहिल्या, मी घाबरले होते. वरून गवताचा पातळ थर घातला, तेव्हापासून गोळ्यांना तोंड लावलं नाही. सुरुवातीचे दोन दिवस लक्ष ठेवाच. कुणाचा ससा गोळ्या खातच सुटला, तर त्याच्यासाठी कागदी लिटर बरं.

जानेवारीच्या मध्यापर्यंत घरात छान जमलं होतं. मग थंडीचं कोवळं ऊन अंगणात यायला लागलं, आणि मी दार उघडलं.

पहिला आठवडा आनंदाचा. माती उकरणं, हवेत तिरक्या उड्या मारणं, कढीपत्त्याखाली आडवं होणं. पण घरात परत आला की त्याला टब आठवेना. दिवाणावर, पायपुसण्यावर, मशीनखाली, कुठेही. एका दुपारी शिवणाच्या खोलीत अस्तराच्या कापडांच्या गठ्ठ्यावर चढला आणि तिथेच मोकळा झाला. त्या गठ्ठ्याच्या शेजारी, वीतभर अंतरावर, एका गिऱ्हाइकाची पैठणी घडी करून ठेवली होती. त्यांच्या मुलीच्या लग्नाची. रेशमावरचा तो डाग मला कशानंही काढता आला नसता. मी पैठणी उचलून छातीशी धरून उभी राहिले, हात थरथरत होते. त्या संध्याकाळी घरात ससा कुणाला तरी देऊन टाकण्याची भाषा झाली. माझी मुलगी रात्री जेवली नाही.

त्या रात्री मी शांतपणे विचार केला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. दोन गोष्टी कळल्या. एक, तो चार महिन्यांचा झाला होता, वयात येत होता. या वयात नर ससा जागोजाग मुतून, लेंड्या टाकून आपली हद्द आखतो. अंगणात रात्री मांजरं फिरतात, त्यांचा वास लागला की हा आणखी जोरात आखणार. त्यावर उपाय खच्चीकरण. दुसरी गोष्ट, मी एकदम खूप जागा मोकळी केली होती. अंगण, पुढची खोली, स्वयंपाकघर, सगळंच. त्याला त्याचा कोपरा कुठला हेच कळेना.

पाच महिन्यांचा झाल्यावर फेब्रुवारीत शस्त्रक्रिया केली. सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडेच करा, भूल देताना सशाची काळजी वेगळी घ्यावी लागते. आणि मांजर-कुत्र्यासारखं आदल्या रात्री उपाशी ठेवायचं नसतं, कारण सशाचं पोट रिकामं राहून चालत नाही. लगेच फरक दिसत नाही. अंगातले हार्मोन ओसरायला चार-सहा आठवडे जातात, आमच्याकडे पाच गेले. तोवर तो एका खोलीत, एका टबापाशी.

मार्चमध्ये पुन्हा दार उघडलं, पण या वेळी अंगणातही एक टब ठेवला. कढीपत्त्याखाली, जिथे तो आधी मुतत होता तिथेच. त्यातही याच गोळ्या, तशीच बांधलेली गवताची जुडी, आणि घरातल्या टबातला मूठभर वापरलेला भुसा. माझ्या समजुतीनं सगळं इथेच फिरलं. बाहेर गेला म्हणजे नियम सुटला, असं त्याला वाटायला जागाच उरली नाही. पायाखाली तेच लाकूड, नाकाला तोच वास, समोर तोच चारा. पहिले आठ दिवस त्याला अंगणात वीस-वीस मिनिटंच सोडलं, मी ओट्यावर हातशिलाई घेऊन बसायची. शेपटी वर करून तो मागे सरकायला लागला, की उचलून टबात. ओरडायचं नाही, नाक टबात दाबायचं नाही. ससा भितो आणि तुम्हालाच टाळायला लागतो. नवव्या-दहाव्या दिवशी तो मातीतून पळत आला, टबात उडी मारून बसला, गवताची काडी ओढून चघळायला लागला. मी हातातली सुई तशीच धरून बघत राहिले.

अंगणात चरताना लेंड्या पडतातच. त्या मी मोजत नाही, कोरड्या असतात, झाडूनं जमतात. घरात मात्र एप्रिलनंतर टबाबाहेर मुतण्याचे प्रसंग दोनच, दोन्ही वेळा पाहुणे आले होते आणि खोलीत गडबड होती. अशा जागा मी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून पुसते. सशाच्या मुतात चुना असतो, टबाच्या तळाशी पांढरा थर धरतो, तोही व्हिनेगर दहा मिनिटं ठेवलं की सुटतो. फिनाइल वापरू नका, आणि टब अगदी नव्यासारखा करू नका. दोन-चार लेंड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर जागा ओळखू येत नाही.

या गोळ्यांचा मला न सांगता मिळालेला एक फायदा म्हणजे रंग. गोळ्या फिकट असल्यामुळे टबात काय चाललंय ते दिसतं. मे महिन्यात एका सकाळी भुसा केशरी-लाल दिसला. रक्त आहे असं समजून मी रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टी बुडवून पाहिलं, रक्त नव्हतं. पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे सशाचं मूत कधीकधी असं दिसतं. पण खात्री डॉक्टरांनीच करायची, आपण घरी ठरवायचं नाही. आणखी एकदा पांढरी, खडूसारखी पेस्ट सारखी दिसायला लागली. तेव्हा मी रोज लसूणघास घालत होते, बाजारात सशासाठी तीच पटकन मिळते म्हणून. तिच्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लाला ठीक, मोठ्या सशाला रोज नको. बंद केली, हरळीवर आणला, पेस्ट गेली. लेंड्यांचंही तसंच. एकसारख्या, वाटाण्याएवढ्या, कोरड्या असाव्यात. द्राक्षाच्या बारीक घोसासारख्या मऊ, चकचकीत दिसल्या तर त्या दुसऱ्या प्रकारच्या. त्या ससा एरवी स्वतःच खातो, त्याला त्या लागतात. टबात रोज तशा उरायला लागल्या तर त्याचं खाणं फार जड झालंय. आणि दहा-बारा तास टबात लेंडी नाही, ससा खातही नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आता तक्रारी. पहिली भुकटी. पिशवीच्या तळाशी दोन-तीन वाट्या बारीक पूड निघते, एका कंपनीच्या पिशवीत तर याच्या दुप्पट निघाली. सशाचं नाक नाजूक, त्याला शिंका येतात. मी प्रत्येक पिशवी अंगणात रव्याच्या जुन्या चाळणीतून काढते. 440 रुपये घेतल्यावर हे काम माझ्यावर का यावं? दुसरी, पिशवी पुन्हा बंद करायची काही सोय नाही. जुलैमध्ये उघडी पिशवी कोपऱ्यात राहिली, वरच्या गोळ्या नुसत्या हवेतल्या दमटपणानं फुगून फुटल्या. आता सगळ्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवते.

तिसरी तक्रार बाहेर ठेवणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची. या गोळ्या पावसात पाच मिनिटंही टिकत नाहीत. जूनच्या पहिल्या सरीत अंगणातला टब भरला आणि अर्ध्या तासात त्यात लापशी झाली होती, काठापर्यंत फुगलेली. सगळं टाकून द्यावं लागलं. मग यजमानांनी दोन विटांवर जुन्या ट्रंकेचं झाकण तिरकं ठेवून छप्पर केलं, टबाच्या तळाशी चार भोकं पाडली. रिमझिमीला ते पुरतं. मुसळधार पावसात बाहेरच्या टबात मी फक्त वाळलेलं गवत घालते, गोळ्या नाहीत, आणि ससाही बाहेर नाही. पावसाळ्यात ओल्या, मुतानं भिजलेल्या लोकरीवर माशा अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडू शकतात. रोज संध्याकाळी त्याला उलटा न करता, मांडीवर घेऊन, शेपटीखालची लोकर बघते.

अंगणाचं म्हणून एवढंच सांगते: एकट्याला सोडू नका, आमच्याकडे घारी गच्चीच्या उंचीवरून जातात आणि मांजरं कुंपणावर बसलेली असतात. उन्हाळ्यात नाशिकला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा फक्त सकाळी साडेसहा ते आठ. शेजारच्या काकूंची कण्हेर आमच्या भिंतीवरून वाकायची, ती विषारी म्हणून त्यांना विनंती केली, त्यांनी लगेच छाटून घेतली.

खर्च महिन्याला साधारण 650 ते 700 रुपये, दोन्ही टब धरून. टबभर ओतायच्या नाहीत, एक बोट जाडीचा थर पुरतो, आणि ससा बसतो त्या अर्ध्यात थोडा जास्त. हॉटेलच्या भट्टीसाठी पोत्यानं मिळणाऱ्या भुशाच्या गोळ्या स्वस्त पडतात, मी चौकशी केली होती. पण त्यात कशाकशाचा भुसा आहे ते विकणाऱ्यालाच सांगता येईना, म्हणून नाही घेतल्या. वापरलेल्या गोळ्या संडासात टाकू नका, फुगून पाइप तुंबेल. लेंड्या मी तशाच कुंडीत घालते, शेणासारख्या आधी कुजवाव्या लागत नाहीत. ओला भुसा वाळक्या पाल्याबरोबर खड्ड्यात जातो, तीन-चार महिन्यांत काळं खत. यंदा गुलाबाला फुलं आली ती बघून शेजारच्या काकू लेंड्या मागायला येतात.

पाचपैकी चार तारे. एक तारा भुकटीचा आणि पिशवीचा कापला. घरात असणाऱ्या सशासाठी डोळे झाकून घ्या; अंगणात जाणाऱ्यासाठी घेताना दोन टब आणि एक छप्पर आधी करा, मग पिशवी. सुरुवातीला एकच पाच किलोची आणा, तुमचा ससा त्या खातो की त्यावर बसतो ते आठवड्यात कळेल. माझी पुढची पिशवी शनिवारी आणायची आहे. त्याच दिवशी ती पैठणीवाल्या ताई लेकीच्या डोहाळजेवणाचा ब्लाउज टाकायला येणार आहेत, आणि त्यांना बत्ताशाला बघायचंय.